आधी गिऱ्हाईक, मग बादल्या: सोसायटीचा कचरा खरोखर मार्गी लावायचा तर

आमच्या सोसायटीनं पहिल्यांदा कचरा वेगळा करायला घेतला तेव्हा सगळं अगदी रीतसर केलं होतं. साठ घरांना एकेक हिरवी आणि एकेक निळी बादली. जनरल बॉडीत भाषण, लिफ्टमध्ये पत्रक, गणपतीत मुलांचं पथनाट्य. दीड महिना लोकांनी मन लावून ओला-सुका वेगळा केला. मग एके सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी गॅलरीतून पाहिलं की ठेकेदाराचा माणूस दोन्ही पिंपं एकाच टेम्पोत उलटी करतोय. दुपारपर्यंत तो फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला आणि पुढच्या रविवारी निम्म्या निळ्या बादल्यांत कपडे भिजत होते.

राग ठेकेदारावर निघाला, पण चूक आमचीही होती. सुका कचरा वेगळा केल्यावर तो कुणाकडे जाणार, हे समितीतल्या एकालाही माहीत नव्हतं. ठेकेदाराला ते विचारलंही नव्हतं. बादल्या आधी आल्या आणि गिऱ्हाईक आलंच नाही. दुसऱ्या वेळी आम्ही उलट्या टोकानं सुरुवात केली. ते आता चौथं वर्ष चालू आहे, म्हणून हे लिहितोय. पन्नास ते दीडशे घरांच्या सोसायटीला किंवा एखाद्या गल्लीला डोळ्यांपुढे ठेवून वाचा.

पहिलं काम: भंगारच्या दुकानात पोतं घेऊन जा

समितीची बैठक बोलावण्याआधी हे करा. चार-पाच घरांकडून आठवड्याभराचा सुका कचरा मागून घ्या, पोत्यात भरा आणि जवळच्या भंगारवाल्याकडे गर्दी नसेल अशा वेळी जा. पोतं त्याच्यासमोर ओता आणि एकेक वस्तू उचलून विचारा: हे घेता का? कसं दिलं तर घेता? चहा मागवा, कारण तासभर जातो. पण कुठल्याही पत्रकात मिळणार नाही इतकं या तासात कळतं.

वर्तमानपत्र, वह्या आणि पुठ्ठा कोरडा असेल तर घेणारच. भिजलेला पुठ्ठा वजन वाढवतो म्हणून भाव पाडतो किंवा परत देतो. तेल लागलेला पिझ्झाचा खोका नको असतो, कारण लगद्यात तेल उतरतं. मग त्याचं कोरडं झाकण फाडून पुठ्ठ्यात टाका आणि तेलकट तळ तुकडे करून खताच्या हौदात. दुकानाची बिलं ज्या गुळगुळीत कागदावर येतात तो उष्णतेनं छपाई होणारा कागद, तो रद्दीत चालत नाही. चहाचे कागदी कपही नाही, त्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो.

पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या पारदर्शक बाटल्यांना बहुतेक ठिकाणी गिऱ्हाईक असतं, फक्त आत पाणी नको आणि चेपलेल्या हव्यात. शाम्पूच्या, फिनाइलच्या जाड बाटल्या, डबे, झाकणं, मोडलेल्या बादल्या यांचे गट वेगळे. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो: १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, २ जाड डब्यांचं, ४ दुधाच्या पिशवीचं, ५ जेवणाच्या डब्यांचं. रहिवाशांना हे आकडे पाठ करायला लावू नका. छाननी करणारी बाई हाताला लागताच ओळखते, आपल्याला तेवढी गरज नाही.

दुधाची पिशवी कोपरा पूर्ण कापून न टाकता चीर देऊन उघडली, एकदा विसळली आणि नळावर उलटी अडकवून वाळवली, तर ती विकली जाते. न धुतलेली पिशवी दोन दिवसांत असा वास मारते की तिच्यासकट सगळं पोतं फेकावं लागतं. आमच्या सगळ्या मोहिमेतली सर्वांत उपयोगी सूचना हीच ठरली. कापलेला तो इवलासा कोपरा मात्र कुणाच्याही हाती लागत नाही, म्हणून तो कापायचाच नाही.

लोखंड, पत्रा, अ‍ॅल्युमिनिअम यांना गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. जुन्या अ‍ॅल्युमिनिअमपासून नवं बनवायला खनिजापासून बनवण्याच्या मानानं सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते. पातेल्याला, डब्याला भाव येतो तो त्यामुळे. काचेला भाव कमी आणि वजन जास्त, म्हणून बरेच दुकानदार नाक मुरडतात. अख्ख्या बाटल्या वेगळ्या ठेवल्या तर घेतात.

शेवटी पोत्यात उरतात चिप्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं, थर्माकोल, सॅशे, तुटलेल्या चपला. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही आणि हजार पाकिटं गोळा केली तरी वजन भरत नाही. फळांच्या रसाच्या खोक्यात पुठ्ठा, प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनिअम असे तीन थर असतात. काही शहरांत ते वेगळे गोळा करणारे आहेत, काहींत नाहीत. तुमच्या गावात कुणी घेत असेल तर यादीत लिहा. नसेल तर तो ‘उरलेला कचरा’ आहे हे लोकांना सरळ सांगा. सगळ्याचा पुनर्वापर होतो अशी थाप मारली की एक दिवस कुणीतरी आजोबा गॅलरीत उभे असतातच.

दुकानातून परत येताना तुमच्या हातात तीन स्तंभांचा कागद हवा: वस्तू, कोण घेतो, कशा अवस्थेत घेतो.

दुसरं: कचरा कोण नेणार आणि तिला काय मिळणार

घरोघरचा कचरा वेगळा राहावा यात ज्याचा रोजचा फायदा आहे अशा माणसाच्या हातात तो द्या. टेम्पोवाल्याला वजनावर किंवा फेरीवर पैसे मिळत असतील तर त्याला वेगळेपणाशी काय देणंघेणं? एकत्र टाकलं की फेरी लवकर संपते. ज्या बाईच्या घरात सुक्या कचऱ्याच्या विक्रीतून पैसे येतात, ती मात्र ओल्यानं माखलेल्या पुठ्ठ्याकडे बघून तळमळते.

पुण्यात हे नीट घडलं. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. बाबा आढाव तिच्या पाठीशी होते. उकिरड्यावर वाकून वेचणाऱ्या, बहुतांश दलित बायकांना कामगार म्हणून ओळखपत्र मिळावं, इथून लढा सुरू झाला. त्यातूनच २००७ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि पुढच्या वर्षी महापालिकेशी तिचा करार झाला. बायका ढकलगाडी घेऊन दारात येतात, घराकडून महिन्याचं शुल्क घेतात आणि सुका कचरा निवडून विकण्याचा हक्क त्यांचा असतो. शहरात वेचलेला प्रत्येक किलो कागद कचरा डेपोवर जाण्यापासून वाचतो. डेपोजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसलाय आणि त्यासाठी अनेकदा गाड्याही अडवल्यात.

तुमच्या गावात अशी संस्था नसेल तर परिसरात आधीपासून वेचणाऱ्या बायका शोधा. त्या असतातच, सकाळी सहाला कुंडीपाशी दिसतात. त्यांच्याशी ठरवायच्या गोष्टी अशा.

महिन्याचा ठरावीक पगार किंवा घरटी शुल्क हवंच. नुसत्या भंगारावर भागवा असं सांगू नका, कारण भंगाराचे भाव पडतात. पैसे सोसायटीनं मेंटेनन्समधून एकत्र द्यावेत. दारोदार जाऊन वीस-पन्नास रुपये मागायची पाळी तिच्यावर येऊ नये.

सुक्या कचऱ्याची विक्री तिचीच. या मुद्द्यावर आमच्याकडे दोन बैठका भांडणात गेल्या. ‘भंगार विकून गणपतीची वर्गणी निघेल’ असं एका सभासदाचं म्हणणं. पुठ्ठा, बाटल्या आपण विकायच्या आणि डायपर, चिप्सची पाकिटं तिच्या गाडीत टाकायची, असा तो हिशेब होता. अशानं ती तीन महिन्यांत काम सोडते, आणि बरोबर करते. आपण घरची वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं रद्दीवाल्याला देतो ती खुशाल देत राहा, ती चालू व्यवस्था मोडू नका. बाकी सगळं तिचं.

निवडायला जागा हवी. पार्किंगच्या कोपऱ्यात आठ बाय दहा फूट, वर पत्रा, एक दिवा, एक नळ, साबण, पंखा जमला तर उत्तमच. हातमोजे आणि गमबूट सोसायटीनं द्यायचे. आणि ती आजारी पडली, मुलाच्या लग्नाला गावी गेली, तर बदली कोण येणार हे पहिल्याच दिवशी ठरवा. आठवडाभर कचरा पडून राहिला की रहिवासी ते वर्षभर विसरत नाहीत.

तिसरं: घरात किती डबे

वेंगुर्ला नगरपरिषदेचं उदाहरण बऱ्याच जणांनी ऐकलंय. सिंधुदुर्गातलं छोटं गाव, मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथलं डंपिंग ग्राउंड लोक बघायला येतील अशी जागा बनलं, आणि तिथे कचरा वीसहून अधिक प्रकारांत निवडला जातो. पणजीतही काही वसाहतींत सोळा प्रकारांची केंद्रं आहेत. हे वाचून उत्साही सेक्रेटरी घरोघरी सहा डबे वाटायला निघतात. निवडीचं बारीक काम ठरलेल्या जागी, सवयीच्या हातांनी होतं. वन बीएचकेच्या सिंकखाली सहा डबे मावत नाहीत.

घरात तीन पुरेत: ओल्याचा झाकणाचा छोटा डबा, सुक्याची मोठी पिशवी किंवा गोणी, आणि बाथरूममध्ये नकोशा कचऱ्याचा डबा. चौथा बुटाचा खोका कपाटावर ठेवा. त्यात संपलेले सेल, गेलेले बल्ब, औषधं, चार्जरच्या वायरी, रंगाचे डबे. तो तीन महिन्यांतून एकदा रिकामा होईल.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले. त्यात वापरलेले सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून सुक्याच्या डब्यात टाकावेत असं होतं. मला ते कधीच पटलं नाही. गुंडाळलं तरी ते शेवटी त्याच बाईच्या हातात येतं जी पुठ्ठा शोधतेय. वेगळाच डबा ठेवा, आणि कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा. हा लाल ठिपका पुण्यातल्या कचरावेचक बायकांच्याच मागणीतून आला. ठिपका दिसला की उघडून बघायची गरज उरत नाही. डायपर, बँडेज, इंजेक्शनच्या सुयाही याच रांगेत, सुया मात्र जाड बाटलीत झाकण लावून. फुटलेली काच आणि ब्लेड वर्तमानपत्राच्या जाड घडीत, वर ‘काच’ लिहून. अक्षरं वाचता येत नसतील म्हणून एक मोठी फुलीही काढा.

काळ्या पिशव्या पूर्ण बंद. ओला कचरा पिशवीविना थेट डब्यात, तळाला वर्तमानपत्राचा कागद घालून द्यायचा. पिशवीत काय आहे ते दिसत नसेल तर नियम पाळला की नाही हे कुणाला कसं कळणार?

चौथं: ओला कचरा आवारातच जिरवा

आपल्याकडच्या घरच्या कचऱ्यात वजनानं निम्म्याच्या आसपास ओलाच असतो. तो बाहेर गेला नाही की सुका आपोआप स्वच्छ राहतो, आणि गेटवरचा वासही संपतो. म्हणून या पायरीवर घाई करू नका.

आधी आठवडाभर तागडी लावून मोजा. आमच्या साठ घरांचा ओला कचरा रोज सरासरी पस्तीस किलो भरला. आंब्याच्या दिवसांत पन्नासच्या वर. या मापाला साडेतीन फूट लांब, रुंद आणि उंच असे चार हौद पुरतात. विटांच्या जाळीच्या भिंती, तळाला खडी आणि पाणी जायला उतार, वर उंदीर शिरू नये म्हणून बारीक जाळीचं झाकण, आणि त्यावर पत्र्याचं छप्पर. पावसाळ्यात छप्पर नसलेल्या हौदाचा चिखल होतो. एक हौद भरायला अडीच-तीन आठवडे लागतात. चौथा भरेपर्यंत पहिला रिकामा करण्याजोगा होतो.

जागा कुठली? ‘आमच्याच खिडकीखाली का?’ हा प्रश्न येणारच. आम्ही पहिला हौद चेअरमनच्या खिडकीखाली बांधला. वादच मिटला. विनोद सोडला तरी ही युक्ती चालते.

रोजचं काम अर्ध्या तासाचं. ओला कचरा हौदात ओतायचा, मोठे तुकडे फोडायचे, आणि जितका कचरा तितकंच आकारमान वाळल्या पाल्याचं किंवा भुशाचं वर पसरायचं. वखारीतून लाकडाचा भुसा पोत्यानं मिळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आवारात पडणारा पाला जाळू नका, गोण्यांत भरून ठेवा, तोच पावसाळ्यात सोन्यासारखा लागतो. सुरुवातीला विरजण म्हणून शेणाची पाटी किंवा आधीचं तयार खत घाला. आंबट ताकाचाही शिडकावा चालतो. बाजारात महागड्या पावडरी मिळतात, पण पाल्याची सोय असेल तर त्यांच्याशिवाय अडत नाही. तीन-चार दिवसांनी एकदा फावड्यानं वरखाली करा.

ओलावा तपासायला मूठभर माल हातात दाबा. बोटांतून एखादाच थेंब आला तर ठीक. पाणी गळलं तर पाला घाला, भुगा होऊन सुटला तर पाणी शिंपडा. हौद आतून गरम लागायला हवा. हात घालून बघाल तर चटका बसण्याइतका. तो गरम झाला नाही तर बहुधा हवा खेळत नाही किंवा माल फार थोडा आहे.

वास आला तर तो ओळखा. नाकात झोंबणारा, मुतारीसारखा वास म्हणजे पाला कमी पडतोय. सडक्या अंड्यासारखा म्हणजे आत पाणी साचलंय आणि हवा नाही. लगेच उकरा, कोरडं घाला. पांढरट-करड्या जाड अळ्या दिसल्या की लोक फिनाइल घेऊन धावतात. तसं करू नका, त्या अळ्या कचरा भराभर खातात. वर पाल्याचा थर जाड केला की त्या दिसतही नाहीत. नारळाच्या करवंट्या, मोठी हाडं आणि आंब्याच्या कोयी बाजूला काढा, त्या महिनोन्महिने तशाच राहतात. उरलेली भाजी, पोळी, माशाचे काटे चालतात, फक्त मधोमध खोल पुरायचे.

दीड-दोन महिन्यांनी माल काळा, भुसभुशीत होतो आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. चाळून घ्या, जाड भाग पुन्हा हौदात. ओल्याच्या वजनाच्या साधारण पंधरा-वीस टक्के खत हाती येतं. ते विकून श्रीमंत होऊ या भ्रमात राहू नका. निम्मं आवारातल्या झाडांना आणि निम्मं घरटी एकेक किलो फुकट. स्वतःच्या बटाट्याच्या सालीचं खत कुंडीत पडलं की माणूस नियम पाळायला लागतो. पुण्यात आवारातल्या खतप्रकल्पासाठी मालमत्ता करात सवलतही मिळत आली आहे. तुमच्या पालिकेची अट वॉर्ड ऑफिसात विचारा आणि अर्ज करताना हौदाचे फोटो, तारखा जवळ ठेवा.

पाचवं: पहिले सहा आठवडे

सुरुवातीची तारीख परीक्षा, सण आणि सुट्ट्या टाळून ठरवा. त्याआधीच्या आठवड्यात प्रत्येक घरात दोघांनी जाऊन पाच मिनिटं बसायचं. घरात कचऱ्याला हात कोण लावतं हे विचारा, बहुतेक वेळा उत्तर ‘कामाच्या मावशी’ असतं. मग पत्रक मालकिणीच्या हातात देऊन उपयोग काय? आम्ही सगळ्या मावशींना एका दुपारी चहाला बोलावलं आणि कचरा नेणाऱ्या ताईंनीच त्यांना समजावलं. काच लागून स्वतःचा तळहात कसा चिरला होता ते दाखवलं. आमच्या सगळ्या भाषणांपेक्षा ते जास्त पोचलं.

मग येतो खरा प्रश्न. फ्लॅट चारशे तीननं मिसळलेला कचरा दिला, आता काय? बऱ्याच सोसायट्या तो परत द्यायचं काम ताईंवर सोपवतात. फ्लॅटमालकाला नाही म्हणण्याची ताकद तिच्याकडे नसते. ती गप्प बसून घेते, आणि महिन्याभरात सगळेच मिसळायला लागतात. म्हणून पहिले सहा आठवडे समितीतलं एक माणूस रोज तिच्याबरोबर जिना चढेल असा पाळीचा तक्ता लावा. मिसळलेला डबा दारातच ठेवून ‘आज कचरा नेता आला नाही, उद्या वेगळा करून द्या’ अशी छापील चिठ्ठी चिकटवायची. भांडण नाही, ग्रुपवर नाव नाही. तिसऱ्या चिठ्ठीनंतर चेअरमन स्वतः जाऊन बसतील. दंड आम्ही ठरावात ठेवला होता, पण एकदाच लावला, आणि तोही समितीच्याच एका सभासदाला. त्यानंतर लागलाच नाही.

शेवटपर्यंत न ऐकणारी दोन-तीन घरं राहतात. त्यांच्यामागे सगळी शक्ती घालवू नका. भाड्याच्या फ्लॅटांकडे जास्त लक्ष द्या. तिथे माणसं बदलतात आणि नव्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पार्किंगचा स्टिकर देतानाच कचऱ्याचा कागद आणि ओल्याचा डबा द्या.

सहावं: वही

फक्त एक आकडा रोज लिहा: आवाराबाहेर गेलेल्या, कुणालाच नको असलेल्या कचऱ्याचं वजन. ओला किती जिरला, पुठ्ठा किती विकला हे सांगायला छान असतं, पण लोक जास्त खायला-प्यायला लागले तरी ते आकडे वाढतात. बाहेर जाणारं पोतं हलकं झालं तरच काम होतंय. महिन्यातून एकदा ताडपत्रीवर एका दिवसाचा सुका कचरा ओतून बघा, समितीतल्या सगळ्यांनी वाकून. कुठे चुकतंय ते अर्ध्या तासात दिसतं. आमच्याकडे एकदा निम्मं पोतं नुसत्या चहाच्या कागदी कपांचं निघालं. ते आमच्याच क्लब हाउसमधले होते.

सण आणि ऋतू

वर्षाचं वेळापत्रक आधी लिहून ठेवा, कारण व्यवस्था ठरावीक दिवसांतच कोलमडते. आषाढ-श्रावणात हौद ओले होतात, पाल्याच्या गोण्या तेव्हा लागतात. गणपतीत निर्माल्यासाठी वेगळं पिंप, शेजारी कात्री बांधलेली. हारांचा दोरा, जरी आणि प्लास्टिकची फुलं कापून काढल्याशिवाय काही टाकायचं नाही. आमच्या पिंपाशेजारी दोन आजी खुर्ची टाकून बसतात, त्यांच्यासमोर दोऱ्यासकट हार टाकायची कुणाची हिंमत होत नाही. दसऱ्याचा झेंडू आणि आपट्याची पानं एकाच रात्रीत ढिगानं येतात, त्यातली पानं वाळवून पाल्यात घ्या.

सर्वांत मोठा लोंढा दिवाळीच्या साफसफाईचा. माळ्यावरून गाद्या, मोडके मिक्सर, जुने मॉनिटर, कपडे एकदम खाली येतात आणि ताईंची गाडी त्यात बुडते. म्हणून वसुबारसेच्या आधीच्या दोन रविवारी टेम्पो ठरवून ठेवा: एक भंगार आणि इलेक्ट्रिक वस्तूंचा, एक कपडे-गाद्यांचा. इलेक्ट्रिक वस्तू अधिकृत ई-कचरा घेणाऱ्यालाच द्या. तांब्यासाठी उघड्यावर वायरी जाळणाऱ्याकडे त्या जाता कामा नयेत. तारखा कोजागरीच्या मसालेदुधाच्या वेळी सांगायच्या, तेव्हा सगळे गच्चीवर जमलेले असतात.